उजव्या बाजूचं पदक

शर्टाच्या उजव्या बाजूला पदक लावलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि पाहिल्याबरोबर त्याची चूक काढायला गेले. माझा स्वभावच तसा, काय करणार! मी मूळची सांगलीची. लग्नानंतर नवऱ्याच्या वीज केंद्रातल्या नोकरीपायी तमिळ मुलखात, समुद्रकाठच्या एन्नोरला आले आणि इथल्या शाळेत मुलांना हिंदी शिकवत बसले. दिवसभर वह्यांवर लाल पेन चालवलं की पुढे माणसंही वह्यांसारखी दिसायला लागतात.

त्या सव्वीस जानेवारीला शाळेत पाहुणे म्हणून नौदलातले एक निवृत्त गृहस्थ यायचे होते. त्यांना फाटकाशी घ्यायला मला पाठवलं होतं. आले ते चालतच. उंच, वाळलेले, पांढरा शर्ट, पायांत साध्या चपला. डाव्या छातीवर एक पदक, काळवंडलेलं. उजव्या छातीवर दुसरं, लखलखीत. झालं! मी हिंदीत म्हटलं, साहेब, पदकं डावीकडे लावतात, हृदयाच्या बाजूला. एवढं बोलून थांबले असते तर ती मी कसली? म्हातारा माणूस, घाईत चुकला असेल, मुलं हसतील, म्हणून मी स्वतःच पुढं होऊन उजवीकडची पिन काढली आणि पदक डावीकडे, दुसऱ्याच्या शेजारी लावलं.

ते हलले नाहीत. हात दोन्ही बाजूंना सरळ, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे. फक्त चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मग हळूच म्हणाले, "बाई, तें माझें नव्हे."

मराठीत! एन्नोरच्या त्या फाटकाशी, राखेच्या आणि मासळीच्या वासात, कुणी पोथीतून उठून आल्यासारखं मराठी बोललं. मी गडबडले. तेवढ्यात मागून एक बाई आली, पदर खोचलेली, मासळीची रिकामी टोपली कमरेवर. तिनं माझा हात बाजूला सारला, मला तमिळमधून दोन शब्द सुनावले आणि पदक काढून परत उजवीकडे लावलं. मग जरा नरमून तिनं सांगितलं की आपलं पदक डावीकडे लावायचं, मेलेल्या माणसाचं त्याच्या घरच्यानं लावायचं झालं तर उजवीकडे. हे माझ्या अण्णाचं, थोरल्या भावाचं आहे, सेल्वमचं. ती कन्नम्मा. तिची नात सेल्वी आमच्याच शाळेत तिसरीत होती.

आणि ते पाहुणे म्हणजे सेतूराव. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले. नौदलात शेवटी चीफ पेटी ऑफिसर होते, म्हणून अख्खं एन्नोर त्यांना चीफ म्हणायचं. मीही चीफच म्हणायला लागले.

त्या दिवशी त्यांनी व्यासपीठावर गोष्ट सांगितली. गोष्ट कसली, सहा-सात वाक्यं होती. एकाहत्तरच्या लढाईत जहाजाच्या तळाला भोक पडलं. इंजिनाच्या खोलीत पाणी भरू लागलं. ते पाणी तिथंच अडवलं नाही तर जहाज जाणार होतं. वरचं पोलादी झाकण लावणं भाग होतं, आणि सेल्वम अजून खालीच होता. तो खालून ओरडला, "मूडुंगो!" म्हणजे बंद करा. त्यांनी बंद केलं. जहाज वाचलं, वरचे सगळे वाचले. सेल्वमला मरणोत्तर शौर्यपदक मिळालं, त्यांनाही एक मिळालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कन्नम्मा पहिल्या रांगेत जमिनीवर बसली होती. चीफ बोलत असताना तिचे ओठ शब्दाला शब्द हलत होते, आरती म्हणताना हलतात तसे. समारंभ संपल्यावर मी चहा घेऊन चीफना शोधत गेले, तर ते नळामागं वाकून उलटी करत होते. ऊन लागलं म्हणाले. जानेवारीतलं सकाळचं ऊन! मी ऐकून घेतलं.

त्यांचं घर आमच्या क्वार्टर्सपासून पाच मिनिटांवर, समुद्राच्या अंगाला. आमच्या देखत त्या बाजूच्या घरांच्या दोन रांगा समुद्रानं खाल्ल्या. सरकारनं मोठमोठे दगड आणून टाकले. समुद्र दगडांवर डोकं आपटतो आणि त्यांच्या फटींतून आत येतो. चीफ राहायला आले तेव्हा त्यांचं घर तिसऱ्या रांगेत होतं, आता पहिल्या रांगेत आलं होतं. मुलगी शहरात, टी. नगरला राहायची, चांगला फ्लॅट होता, येऊन राहा म्हणून मागे लागायची. हे जायचे नाहीत. मी एकदा विचारलं, चीफ, भीती नाही वाटत? तर म्हणाले, "पाण्यास घाई नसते, मा." तो शेवटचा लाडाचा 'मा' तमिळमधला. पण वाक्य असं म्हणाले की माझ्या अंगावर काटा आला. पुढं ते वाक्य मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं. नळाचं पाणी उशिरा आलं तरी तेच, पाऊस लांबला तरी तेच. सवय काही झाली नाही.

घराला दारं नव्हती. म्हणजे चौकटी होत्या, बिजागऱ्याही होत्या, पण फळ्या उतरवून मागच्या अंगणात रचून ठेवलेल्या. पुढच्या दाराला पडदा, न्हाणीला पडदा, स्वयंपाकघराला काहीच नाही. कपाटं उघडी. डबेसुद्धा झाकण न लावता, फडकं बांधून. मुंग्या लागतात म्हणून मी चार घट्ट झाकणाचे डबे नेऊन दिले, तर आठवड्यानं डबे परत आले, स्वच्छ घासून, आणि झाकणं वेगळ्या पिशवीत. मला वाटलं, तऱ्हेवाईक म्हातारा आहे झालं.

पण मराठी! बायको गेल्यापासून त्यांना मराठी बोलायला माणूस उरलं नव्हतं. मुलगी तमिळ बोलायची, नातवंडं इंग्रजी. म्हणून रविवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे. माझी आमटी खाऊन म्हणायचे, बरी आहे, पण आमच्या घरच्या सांबाराची सर येणार नाही. माझ्या मराठीला ते वर्तमानपत्राची मराठी म्हणायचे. मी त्यांच्या मराठीला पेशव्यांचं पत्र म्हणायची. माझा नवरा मितभाषी, तो ताटावर बसून आमची जुगलबंदी ऐकायचा. अशा वेळी चीफ हसायचेसुद्धा. मात्र मध्येच हात थांबायचा, मान एका बाजूला कलायची. काहीतरी ऐकताहेत असं वाटायचं. मी कान द्यायची, तर वरच्या मजल्यावर कुणी खलबत्त्यात कुटत असायचं.

शुक्रवारी सकाळी पदकाचा विधी असायचा. चांदीची भांडी विभूतीनं घासतात तसं ते सेल्वमचं पदक विभूतीनं घासायचे, कडेकडेनं, फितीला बोट न लागू देता. एन्नोरच्या हवेत धातू टिकतोय होय? वीज केंद्रं, कारखाने, समुद्र, सगळ्यांची वाफ एकत्र. तरी ते पदक आरशासारखं असायचं. स्वतःचं मात्र कधी पुसलं नाही. मी म्हटलं, आणा इकडे, मी घासून देते दोन मिनिटांत. त्यांनी मूठ मिटली. "माझें काळें आहे तें ठीक आहे," म्हणाले.

एकदा गॅसवाला आला होता. आमच्याकडे गॅसवाले आल्याची वर्दी देतात ती हाक मारून नाही. हातातल्या पान्यानं सिलिंडरवर ठोकतात. टण्, टण्, टण्. नवा माणूस होता, जरा उत्साही. चीफच्या पडद्यासमोर उभा राहून ठोकत राहिला. मी नेमकी तिथून शाळेत निघाले होते. चीफ बाहेर आले ते धावत, अर्धी दाढी केलेली, गालावर फेस. त्यांनी गॅसवाल्याचं मनगट धरलं आणि सिलिंडरपाशी गुडघे टेकून कान लावला. मग वर बघून त्याला विचारलं, "आत कोण आहे?" तमिळमध्ये, अगदी शांतपणे. तो पोरगेला माणूस घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी मध्ये पडले, हसून वेळ मारून नेली, चीफना हाताला धरून आत नेलं. त्या आठवड्यात त्यांनी गॅस परत करून विजेची शेगडी आणली. विषय मी काढला नाही. नाक खुपसणाऱ्या बाईलाही कधी कधी कळतं की इथं नाक पोळेल.

कन्नम्मा रोज यायची. पहाटेचा मासळीचा लिलाव उरकला, विक्री झाली की साडेनऊ-दहाला चीफच्या पायरीवर. आधी बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायची, कारण चीफ मासळी न खाणारे. मग त्यांच्या हातची फिल्टर कॉफी घ्यायची. त्यांना अण्णाच म्हणायची. तिचा नवरा होडीवर गेला तो आजारी होऊन परतला आणि वारला, मुलगा-सून कामासाठी दूर, सेल्वी हिच्याचकडे वाढलेली. सगळं ती चीफना सांगायची. त्यांनी तिचे कागदपत्र लिहावेत, सेल्वीला गणित शिकवावं, आजारपणात रिक्षा आणावी. त्यांनी एन्नोरला घर घेतलं होतं तेच मुळी त्या कुटुंबाजवळ राहायला. लोकांना केवढं कौतुक! मलाही.

आणि दरवर्षी सेल्वम गेला त्या दिवशी ती मोगऱ्याची माळ घेऊन यायची. चीफ पांढरा शर्ट घालून उभे राहायचे, ती पदक उजवीकडे लावायची आणि म्हणायची, सांगा अण्णा. ते सांगायचे, तीच सहा-सात वाक्यं. 'मूडुंगो' आलं की ती डोळे मिटायची. हे तिच्या आईनं घालून दिलेलं. पदक घरी आलं तेव्हा आईनं ते पेटीत ठेवलं नाही. सेतूरावांना बोलावून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, माझ्या लेकाचा शेवटचा शब्द तुझ्या कानात आहे, म्हणून हे तुझ्याकडे राहू दे. तू लाव. वर्षातून एकदा आम्हाला तो शब्द ऐकव.

ती आठ-नऊ वर्षांची सेल्वी बघता बघता मोठी झाली. काळी, काटक, पोहण्यात मुलांना ऐकायची नाही. बारावी झाली आणि तिनं नौदलाचा फॉर्म भरला. आता मुलींनाही घेतात. लेखी परीक्षा, धावणं, वैद्यकीय, सगळ्यांतून पार पडली आणि एक दिवस कन्नम्मा केसरीचा, म्हणजे तिकडच्या शिऱ्याचा, डबा घेऊन गल्लीभर वाटत फिरली. निवड झाली! आणि काम कुठलं? इंजिनाच्या खोलीतलं. सेल्वीनं ते मागून घेतलं होतं. आजीच्या भावाच्या जागेवर जायचं, असं ती सगळ्यांना सांगत होती. मी गेले तेव्हा चीफच्या पायरीवर केसरीची वाटी तशीच होती, माश्या बसलेल्या. चीफ आत भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी हाक मारली तरी वळले नाहीत.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ते वादळ आलं. एन्नोरला वादळाचं नवल नाही, पण त्या वर्षी समुद्र दगड ओलांडून गल्लीत आला. दुपारची वेळ, आभाळ राखेच्या रंगाचं, वीज गेलेली. खाडीतून काळं तेलकट पाणी उलटं चढत होतं. नवऱ्यानं जाऊन चीफना आमच्याकडे आणलं. ते वर घरात येईनात. जिन्यात बसले, तिसऱ्या पायरीवर, खालचं पाणी बघत. मी कांबळं घेऊन शेजारी बसले. म्हटलं, बोलतं ठेवावं. हाताशी सेल्वीचाच विषय होता. तर म्हणाले, "ती जाऊं नये." मी म्हटलं, अहो, असं काय बोलता, पोरीनं नाव काढलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. खालच्या पाण्यावरची नजर न हलवता, हळू, त्यांच्या त्या जुन्या मराठीत.

झाकण लावायचा हुकूम आला तेव्हा सेल्वम खाली नव्हता. शिडीवर होता. वर येत होता. तीन पायऱ्या उरल्या होत्या. चीफना त्याचं डोकं दिसत होतं, डोळे दिसत होते. त्याच्यामागं पाणी शिडी चढत होतं. चीफ तेव्हा वीस वर्षांचे. त्यांनी झाकण टाकलं आणि कड्या आवळल्या.

"मूडुंगो म्हटलें नाहीं, मा. तोरडा म्हटलें. सेतू, तोरडा."

तोरडा म्हणजे उघड रे. मला एवढं तमिळ येतं.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. कड्या सैल होऊ नयेत म्हणून त्या झाकणावर पहारा लावला, तो चीफचाच. सेल्वमच्या हातात पाना होता. तो आतून ठोकत राहिला. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. कुठंतरी हवा कोंडून राहिली असावी. पहिल्यांदा जोरजोरात, मग थांबून थांबून, मग फार वेळानं एकदा. वरून कुणी उत्तर द्यायचं नाही, असा काही हुकूम नव्हता. तरी चीफनी एकदाही उलट ठोकलं नाही. मी इथं आहे, एवढं कळवायलासुद्धा नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, तो काही बोलला का? समोर सेल्वमची आई दिसत होती, असं चीफ म्हणाले. आणि स्वतःची अडकलेली मानही दिसत होती, तेही म्हणाले. त्यांनी एक वाक्य सांगितलं. त्या एका वाक्यावर दोघांना पदकं मिळाली.

गप्प बसणं माझ्या पत्रिकेत नाही. मी म्हटलं, चीफ, हुकूम होता. तुम्ही थांबला असता आणि पाणी वर आलं असतं तर? ते म्हणाले, हुकूम बरोबर होता. तो साहेबांचा. तीन पायऱ्या माझ्या. मी थांबलों असतों तर काय झालें असतें तें देवास ठाऊक, आणि तो मजला सांगत नाहीं. मग मी म्हटलं, पन्नास वर्षं झाली. ती माऊली त्या शब्दावर गेली. कन्नम्मा त्या शब्दावर जगते आहे. आता सांगून कुणाचं भलं होणार? पोटात घाला. मी अगदी मनापासून सांगितलं, आजही मला वाटतं की सांगण्यात माझं काही चुकलं नाही.

ते म्हणाले, "ती खालीं जाईल, मा. आणि वेळ आली तर गप्प बसेल. आजीच्या भावानें केलें तसें करायचें म्हणून गप्प बसेल. तें मी शिकवलें तिला." पाणी तेव्हा दुसऱ्या पायरीला लागलं होतं. मी त्यांचा दंड धरून वर ओढलं.

सेल्वी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी चीफ माझ्याकडे आले. पांढरा शर्ट, दोन्ही पदकं. मला म्हणाले, चला. कशाला, ते मला कळलं. मी पुन्हा एकदा नको म्हटलं, आणि गेले.

कन्नम्माचं घर कोळीवाड्यात, दोन खोल्यांचं, समोर वाळू आणि उलट्या घातलेल्या होड्या. तिथं दिवसा कुणी दार लावत नाही. कन्नम्मा सेल्वीच्या जाण्याच्या तयारीत होती, ट्रंकेत लोणचं घालू की नको असा वाद चालला होता. पदकं बघून तिला वाटलं, आशीर्वाद द्यायला आलेत. लगबगीनं चटई घातली आणि म्हणाली, बरं झालं अण्णा, जायच्या आधी तिला एकदा तो शब्द ऐकवा.

चीफ बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं, तमिळमध्ये, जिन्यात मला सांगितलं तसंच. एक शब्द कमी केला नाही. पान्याचंही सांगितलं. किती वेळ, तेही सांगितलं. मी दाराशी उभी. वाटलं, पळून जावं.

कन्नम्मा ओरडली नाही. तिनं लोणच्याची बरणी खाली ठेवली आणि भिंतीला टेकली. बोलली ती सेल्वी. पोर थेट चीफच्या समोर आली आणि विचारलं, हुकूम बरोबर होता का? होता, म्हणाले. म्हणजे मी वर असले आणि हुकूम आला, तर मला लावावंच लागेल? लावावं लागेल. आणि मी खाली असले तर?

चीफचा आवाज तेवढा एकदाच फुटला. "ठोकत राहा. पदकासाठी गप्प बसू नकोस. वर जो कोणी असेल त्याला जन्मभर ऐकू आलं पाहिजे."

सेल्वीनं मान हलवली. पोरगी रडली नाही, मी रडत होते. मग कन्नम्मा उठली, चीफच्या समोर उभी राहिली आणि उजवीकडचं पदक काढून घेतलं. पिन हाताला लागून रक्त आलं, तिनं पाहिलंही नाही. मला म्हणाली, टीचर, यांना घेऊन जा. आम्ही उंबरा ओलांडला आणि मागं दार लागल्याचा आवाज आला. आतून कडी घातली. चीफ वाळूत उभेच राहिले. मी हाताला धरून ओढत नेलं तेव्हा पाय उचलले.

दुसऱ्या दिवशी सेल्वी गेली. स्टेशनवर मी गेले होते, चीफ आले नाहीत. गाडी हलायच्या आधी तिनं मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, टीचर, चीफना सांगा, मला जो पहिला पाना मिळेल तो मी कमरेला ठेवणार. कन्नम्मा बाजूला होती. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.

त्यानंतर कन्नम्मा चीफच्या पायरीवर आली नाही. मासळीला जायची, विकायची, आणि नऊ वाजता घरी येऊन दार लावून घ्यायची. अख्ख्या वाड्यात तेवढं एक दार बंद. आणि चीफ? रोज साडेनऊला, तिच्या कॉफीच्या वेळेला, ते त्या दारासमोर जाऊन उभे राहायचे. हातात काही नाही. हाक नाही, टकटक नाही. तास दीड तास उभं राहायचं आणि परत यायचं. पहिले काही दिवस लोकांनी विचारलं, मग लोकांनाही सवय झाली. त्यांच्या पायाशी कुत्री येऊन निजायची. चीफ वाळत चालले होते, शर्ट खांद्यावर नुसता टांगल्यासारखा. मुलगी टी. नगरहून न्यायला आली, तिलाही रिकामं परत पाठवलं.

नवरा निवृत्त झाला. मुलाची नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, शोळिंगनल्लूरला, त्यानं तिकडं मोठा फ्लॅट घेतलेला. आम्ही एन्नोर सोडायचं ठरवलं. सामान टेंपोत चढत होतं, आणि माझ्या डोक्यात एकच, हे असं सोडून कसं जायचं? निघायच्या सकाळी मी कोळीवाड्यात गेले. चीफ दारासमोर होतेच. मी त्यांना झाडलं, अगदी वर्गातल्या पोराला झाडावं तसं. म्हटलं, चीफ, झालं तेवढं पुरे! नुसतं एकदा वाजवा. तिचं मन मला ठाऊक आहे, ती उघडेल.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "उघडलें तर मी काय करूं, मा?"

मी घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेले. तिथं जाळ्यांच्या ढिगाऱ्यामागं एक छोटं दार आहे, ते नुसतं लोटलेलं होतं. म्हटलं, हिलाच सांगते, बाई, उघड आणि एकदा काय ते तोंडावर बोलून मोकळी हो.

आत अंधार होता. कन्नम्मा पुढच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती, गुडघे पोटाशी, डोकं मागं फळीला टेकलेलं. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. तिच्या शेजारी जमिनीवर कॉफीचे दोन पेले होते, एक रिकामा, एक भरलेला आणि गार झालेला. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, रोज इथंच बसते. वाजवलं की उघडीन. माझ्या अण्णानं, सेल्वमनं एवढा वेळ वाजवलं, यांना एकदा वाजवता येत नाही?

दाराखाली बोटभर फट होती. तिच्यातून वाळूचा उजेड आत येत होता आणि त्या उजेडात त्यांचे दोन पाय दिसत होते, चपलांतले, जवळजवळ जुळवलेले. चीफना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. आम्ही दोघी श्वास धरून बसलो. बाहेर समुद्र दगडांवर आपटत होता. एकदा वाटलं, एक पाय पुढं आला. कन्नम्माचा हात कडीवर गेला.

मग पाय वळले आणि फटीतला उजेड मोकळा झाला. कन्नम्मानं हात खाली घेतला, भरलेला पेला उचलून मोरीत ओतला आणि म्हणाली, "उद्या येतील."